काय म्हणाली गं?

आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला एक प्रश्न सुरू होतो आणि तो दहापर्यंत चालतो. "काय म्हणाली गं?" विचारणारे आमचे अप्पा, उत्तर देणारी आई, आणि जिच्याविषयी विचारायचं ती टीव्हीवरची कुठली तरी सून. आई भाजी निवडता निवडता सांगते, "घर सोडून जाते म्हणाली." अप्पा मान डोलावतात. दोन वाक्यं जातात. "आता काय म्हणाली?" आई पुन्हा सांगते, तोवर पुढची चार वाक्यं निघून गेलेली असतात. म्हणजे अप्पांना मालिका कळत नाहीच, आईचीही बुडते.

परवा अप्पा मधेच उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. तिला बघू दे. मला नुसतं ढँण ढँण ऐकू येतंय."

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्या ढँण ढँणवर मला आज भांडायचं आहे.

आधी अप्पांविषयी थोडं. त्यांचं सगळं आयुष्य सोलापुरात, पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत गेलं. सोलापुरी चादर तुम्ही पांघरली असेल, पण ती तयार होतानाचा आवाज बहुतेक ऐकला नसेल. धोट्याचे माग एका शेडमध्ये ओळीने चालू असले की आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, नाही तर हातवारे. अप्पा आणि त्यांचे सोबती हातवाऱ्यांनीच बोलायचे. चहा, कांडी संपली, मालक आला, पगार झाला का... सगळं हातांनी. लहानपणी डबा द्यायला गेलो की मला ती मोठी गंमत वाटायची. त्या गमतीची किंमत पुढे वीस वर्षांनी दिसली.

कानाच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची ऐकण्याची शक्ती सरसकट कमी होत नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीतले, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज. आता बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांना जोर असतो. स, श, च, फ, ख ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीतली आणि मुळातच नाजूक. म्हणून अशा माणसाला कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सासू' काय आणि 'आऊ' काय, सारखंच. लोकांना वाटतं म्हातारा लक्ष देत नाही. म्हातारा जिवाचा कान करून ऐकत असतो.

अशा माणसासमोर आपण काय ठेवतो? बाई बोलते आहे आणि तिच्या प्रत्येक शब्दाखाली व्हायोलिनचा थर. शब्दाखाली कसला, शब्दावर! मधेच तबला, मधेच एक बाई नुसतं 'आऽऽ' करत आळवते, आणि वाक्य संपायच्या आत ढँण. श्रवणयंत्र लावलं तर ते बिचारं सगळंच मोठं करतं, बोलणंही आणि ढँणही. एकदा एका भागात संगीत पूर्ण थांबलं असे क्षण मोजायला बसलो. एका हाताची बोटं पुरली.

यावर एक उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच फालतू नाही. मालिकावाले म्हणतात, आमचा प्रेक्षक टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला नसतो. बाई स्वयंपाकघरात असते, पोळ्या लाटत असते. काहीतरी महत्त्वाचं घडलं की आवाजानेच तिला कळलं पाहिजे, म्हणजे ती डोकावेल. म्हणजे ढँण ही दारावरची घंटा.

ठीक आहे, मान्य. पण मग उलटा विचार करा. जी बाई बघत नाही, फक्त ऐकते, तिच्यासाठी तर शब्द आणखी स्वच्छ हवेत! ऐकणाऱ्या माणसासाठी नाटक कसं करायचं हे आपल्याकडे आकाशवाणीने किती वर्षं दाखवलं. श्रुतिका आठवते का? दाराची कडी, पावलं, कपबशीचा आवाज, एक खाकरणं आणि मग गप्प. एवढ्यावर अख्खा वाडा डोळ्यांसमोर उभा राहायचा. संगीत असायचं, पण ते दोन प्रसंगांच्या मधे, पडदा पडल्यासारखं. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं नाही.

माझा संशय वेगळाच आहे. ही घंटा आपल्याला बोलावण्यासाठी नसून आपल्यावर विश्वास नाही म्हणून वाजवली जाते. सासूने विषाची पुडी दुधात टाकली हे वाईट झालं, हे आम्हाला कळणार नाही असं त्यांना वाटतं. म्हणून तीन चेहऱ्यांवर तीनदा कॅमेरा आणि तीनदा ढँण. दुःख आलं की बासरी, आई आठवली की सनई, विनोद झाला की ते टुईंग टुईंग. म्हणजे काय वाटून घ्यायचं तेही तेच ठरवणार! थोडक्यात, ते आपल्या सगळ्यांना बहिरे समजतात, आणि जो खरोखर ऐकू न येणारा माणूस आहे त्याला मात्र गॅलरीत पाठवतात.

आता या संगीताखाली काय काय गाडलं जातं ते बघा. मालिकेतल्या घरात कुकरची शिट्टी तुम्ही कधी ऐकली आहे का? मी तरी नाही. दिवसभर त्या घरात बायका स्वयंपाक करतात, पण फोडणी चरचरत नाही, पोळपाट हलत नाही, मिक्सर लागत नाही. रस्त्यावरून भंगारवाला जात नाही. माझ्या घरातले आवाज मला पाठ आहेत. उखळात शेंगाची चटणी कुटल्याचा, कडक भाकरी मोडल्याचा, लांबच्या मागांची खडखड, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे नळाला पाणी आल्याचा! आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे रात्री दोन वाजता रिकाम्या नळातून हवेचा फस्स आवाज आला की अख्खी गल्ली जागी होते. त्या एका आवाजात सोलापूर जेवढं आहे तेवढं दहा संवादांत सांगता येणार नाही.

आणि भाषा? इथे एका रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू अशा चारही ऐकू येतात. आमच्या मराठीलाही एक वेगळीच चाल आहे. "काय करालास बे?" असं कोणी म्हटलं की पुण्याच्या स्टेशनवरही मी मागे वळून बघतो. पडद्यावरचा 'ग्रामीण' माणूस मात्र सांगलीचा असो की सोलापूरचा, एकच एक ठरलेली भाषा बोलतो.

हे असं का झालं? याला थोडा इतिहास आहे. आपल्याकडे बोलपट आला तेव्हा चित्रीकरणाच्या वेळीच आवाज घेतला जायचा. पुढे साठच्या दशकापासून अ‍ॅरिफ्लेक्ससारखे हलके कॅमेरे घेऊन सिनेमा स्टुडिओबाहेर पडला. कॅमेरा हलका, पण चालताना शिवणयंत्रासारखा आवाज करणारा. मग जागेवरचा आवाज नुसता खुणेपुरता घ्यायचा आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत डब करायचे, हा रिवाज पडला. झालं! नटाचा आवाज बंद खोलीतला, खोलीला खोलीचा आवाज नाही, अंगणाला अंगणाचा नाही. पावलं, बांगड्या, दारं हे सगळं नंतर एकेक करून भरावं लागतं. ते कष्टाचं काम. त्यापेक्षा संगीत ओतलं की भोक बुजतं. 'लगान' २००१ साली जागेवर ध्वनिमुद्रण करून आला तेव्हा मोठी नवलाई वाटली होती. त्याला ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे जी गोष्ट तीसच्या दशकात रोजची होती ती सत्तर वर्षांनी नवलाईची झाली.

मालिकांचं दुखणं थोडं निराळं. तिथे संवाद बहुधा सेटवरच, कपड्यात लपवलेल्या छोट्या माइकवर घेतात. पण रोज एक भाग द्यायचा असतो. नीट ऐकायला, आवाज धुऊन पुसून घ्यायला वेळ कोणाला आहे? मागे पंखा घुमतोय, बाहेर गाडी गेली, घाला त्यावर व्हायोलिन. म्हणजे बऱ्याचदा ते संगीत भावनेसाठी नसतंच, ते भिंतीची ओल लपवायला लावलेलं कॅलेंडर असतं.

असो. पण हे सगळं अटळ आहे असं कोणी म्हणालं की मला 'कुंकू' आठवतो.

१९३७ साली प्रभातने 'कुंकू' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून. तरुण नीराचं फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलं जातं आणि ती ते लग्न मानायला नकार देते, ही गोष्ट. शांता आपटे आणि केशवराव दाते. या सिनेमात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलं नाही. त्याऐवजी दृश्यातले नैसर्गिक आवाज. विचार करा, आपल्याकडे बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. यंत्रं अवजड, गाण्यांशिवाय सिनेमा चालेल हे कोणी मानत नव्हतं. 'कुंकू'तही गाणी आहेतच. पण माणसं बोलतात तेव्हा बोलूच दिलंय. त्या घरातलं भिंतीवरचं जुनं घड्याळ हे तर एक पात्रच आहे.

माझ्या मुलीने मागच्या महिन्यात तो मिळवून टीव्हीवर लावला. अप्पा बसले बघत. प्रत जुनी, आवाज खरखरीत, त्यामुळे मला फारशी आशा नव्हती. नव्वद वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतलं असं उरणार तरी किती? पण नटमंडळी नाटकात घडलेली. एकेक अक्षर स्वच्छ, एकाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्याचं, आणि मधे काही नाही. अप्पांनी पूर्ण सिनेमात आईला तीन-चारदा विचारलं असेल. उरलेला वेळ ते गप्प होते. आणि शेवटी त्यांनी एक गोष्ट केली जी गेल्या कित्येक वर्षांत केली नव्हती. आईला म्हणाले, "म्हातारा वाईट नव्हता गं, पण उशिरा शहाणा झाला." आई म्हणाली, "सगळेच तसे." सिनेमा बघून दोघं त्याविषयी बोलले! आमच्या घरात ही मोठी बातमी आहे.

कोणी म्हणेल, जुन्या काळाचे गोडवे गाताय. मुळीच नाही. अगदी आजची उदाहरणं देतो, आणि आमच्याच जिल्ह्यातली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हातात यायच्या बेतात आहे, आणि शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातं. तिथे कुठलंही व्हायोलिन 'आता वाईट वाटून घ्या' असं सांगत नाही. त्या प्रसंगात जे काही घडतं ते कानावर पडलेल्या एका आवाजामुळे घडतं. हसावं की रडावं कळत नाही, आणि ते ठरवायचं काम दिग्दर्शकाने आपल्यावर सोडलंय.

'सैराट' (२०१६) तर आणखी पुढचा. त्याच्या गाण्यांसाठी अजय-अतुल थेट हॉलीवूडच्या स्टुडिओत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून आले. त्या गाण्यांनी अख्खा महाराष्ट्र नाचला, मीही नाचलो. पण शेवट आठवा. ज्यांच्या हाताशी एवढा मोठा वाद्यवृंद होता त्यांनी शेवटाला सगळं बंद केलं. ते लहान पोर बाहेर चालत येतं, मागे पावलांचे ठसे, आणि आवाज नाही. मी तो सोलापुरातच भरल्या थिएटरात पाहिला. तासाभरापूर्वी शिट्ट्या मारणारी, पडद्यासमोर नाचणारी पोरं बसल्या जागी थिजली होती. खुर्ची करकरली तरी ऐकू येत होतं. आमच्या प्रेक्षकाला शांतता कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे यायला हवं होतं.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) घ्या. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. शाहिराची गाणी आहेत ती स्टेजवर, लोकांसमोर गायलेली. बाकी कोर्टातला रटाळ कारभार, कागद, लोकांची ये-जा आणि न्यायाधीश टंकलेखनाला सांगताहेत ती वाक्यं. एका माणसाचं आयुष्य त्या सपाट आवाजात कसं चिरडलं जातं ते ऐकून अंगावर काटा येतो. कोणी ढँण केलं असतं तर आला नसता. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं.

तेव्हा माझं भांडण संगीताशी नाही, हे लक्षात घ्या. 'सैराट'ची शांतता पोचते कारण आधी ते संगीत वाजलेलं असतं. माझं भांडण न थांबणाऱ्या संगीताशी आहे. जो माणूस सतत ओरडतो त्याचं ओरडणं आपण काही वेळाने ऐकतच नाही, तसं हे.

जाहिरातींचं तर विचारूच नका. मालिका संपून जाहिरात लागली की शेजारच्या खोलीतलं मूल दचकून उठतं. यातली युक्ती अशी, की जाहिरातीतला सर्वांत मोठा आवाज मालिकेतल्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा वर नसतोही. पण तिच्यातले सगळे लहान आवाज दाबून, ताणून त्या पातळीला आणलेले असतात. सरासरीच वाढवायची! आपल्याकडे केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज फाजील मोठा नसावा असं लिहिलेलं आहे. फाजील म्हणजे किती, तो आकडा त्या कलमात नाही. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली तो आकडा ठरवून टाकला आणि अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला. आपण कलम लिहिलं आणि रिमोट जवळ ठेवला.

आता नवी मजा ऐका. २०२३ साली ॲमेझॉन प्राइमने 'डायलॉग बूस्ट' नावाची सोय आणली. सुरुवातीला काही इंग्रजी कार्यक्रमांनाच होती. बटण दाबलं की संगीत खाली आणि बोलणं वर. म्हणजे आधी माणसाला पाण्यात ढकलायचं आणि मग दोर फेकला म्हणून कौतुक करून घ्यायचं! पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. न ऐकू येण्याची तक्रार फक्त आमच्या अप्पांची नाही. 'टेनेट'सारख्या (२०२०) कोट्यवधी डॉलरच्या सिनेमातले संवादही कळत नाहीत म्हणून धडधाकट कानांच्या लोकांनी जगभर बोंब मारली होती.

सिनेमागृहांत ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि न दिसणाऱ्यांसाठी सोयी असाव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वं माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये काढली. चांगलंच आहे. पण संवादाच्या पट्ट्या हा शेवटचा उपाय झाला. अप्पांना चष्म्यातून पळती अक्षरं वाचवत नाहीत. आणि त्यांना वाचायचं नाहीच, ऐकायचं आहे. उरलेत तेवढे आवाज त्यांना ऐकायचे आहेत.

मला फार काही नको. माणूस बोलत असेल तेव्हा बाकीच्यांनी गप्प बसावं, हे आपण पोरांना शिकवतो ना, तेवढंच. संगीत वाक्याच्या आधी वाजवा, नंतर वाजवा, मधे वाजवायचंच तर खाली घ्या. घरात घराचे आवाज येऊ द्या. आणि भाग तयार झाला की तो स्टुडिओतल्या भारी स्पीकरवर ऐकून खूश होऊ नका. आताच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड केलेले असतात, आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आमच्याकडे येतो. अशा एका साध्या टीव्हीवर, पंखा चालू ठेवून, सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या माणसाला शेजारी बसवून ऐका. तो किती वेळा "काय म्हणाली?" विचारतो ते मोजा. एवढीच परीक्षा.

तुम्हीही एक करून बघा. आज रात्री तुमची आवडती मालिका लागली की टीव्हीकडे पाठ करून दहा मिनिटं बसा. फक्त ऐका. किती वाक्यं कळली, कोणत्या खोलीत माणसं आहेत ते समजलं का, दिवस आहे की रात्र? मी केलंय. मला फक्त एवढंच कळलं की काहीतरी भयंकर घडतंय, आणि ते दर अर्ध्या मिनिटाला घडतंय.

आज संध्याकाळी अप्पा पुन्हा टीव्हीसमोर येऊन बसले आहेत. हे लिहितोय तोवर आतून दोनदा ढँण झालं. आता अप्पा आईला विचारतील. बघू.